होमोथेरियम : एका पुनर्रचना-चित्राच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५

होमोथेरियम या लुप्त खड्गदंती मार्जारांच्या प्रजातीच्या (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट) पुनर्रचनेचे काम आजपासून सुरू केले. संचात तीन फलक असतील : प्रौढ प्राण्याचा डाव्या बाजूने दिसणारा सांगाडा, त्याच मापावर बेतलेले स्नायूंचे चित्र आणि या दोहोंच्या आधारे काढलेले जिवंत प्राण्याचे रंगीत चित्र. प्रमाण एकास पाच ठरवले आहे. खांद्यापाशी सुमारे १.१ मीटर उंच असलेला हा प्राणी त्या प्रमाणात २२ सेंटिमीटरचा होतो आणि सुळ्याच्या कडेवरचे दाते सोडले तर बाकीचा तपशील त्यात नीट मावतो.

खड्गदंती मार्जार म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे स्मायलोडॉन उभा राहतो, आणि त्याला कारणही तसेच आहे. लॉस एंजेलिसमधील ला ब्रेआ येथील डांबरात स्मायलोडॉनच्या दोन हजारांहून अधिक प्राण्यांचे अवशेष सापडले आहेत, तर होमोथेरियम तेथे अत्यंत विरळ आहे. त्यामुळे होमोथेरियमची म्हणून जी चित्रे पाहायला मिळतात, त्यांतल्या पुष्कळशा चित्रांत धड स्मायलोडॉनचेच असते आणि सुळे तेवढे आखूड केलेले असतात. वास्तविक प्राचीन डीएनएच्या अभ्यासानुसार या दोघांच्या शाखा सुमारे १ कोटी ८० लाख वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या. सिंह आणि घरातले मांजर यांचे समान पूर्वज त्यानंतरच्या काळातले आहेत. इतक्या दूरच्या नातेवाइकाचे शरीर उसने घेणे म्हणजे वाघ काढायला मांजराचा सांगाडा वापरण्यापेक्षाही धाडसाचे काम झाले.

म्हणून कामाचा क्रम आधीच ठरवून टाकतो. पाय, कणा, मान, कवटी आणि सर्वांत शेवटी सुळे, अशाच क्रमाने चित्र पुढे जाईल. प्रसिद्धी सुळ्यांना मिळाली आहे, पण प्राणी कसा उभा राहत होता हे सुळे सांगत नाहीत.

१३ जानेवारी २०२५

आज पार्श्वभूमीच्या टिपणाचा कच्चा मसुदा लिहिला. फलकावर यातल्या दोन-तीन ओळीच जाणार आहेत, तरी इतिहास येथे नोंदवून ठेवतो, कारण केवळ दातावरून प्राणी ओळखायला गेले तर काय होते, याचा पहिला धडा याच इतिहासात आहे. युरोपात मिळालेले चपटे, वक्र सुळे जॉर्ज कुव्हिए यांच्यासारख्या शरीररचनाशास्त्राच्या आद्य अभ्यासकाने १८२४ मध्ये चक्क अस्वलाच्या खात्यावर टाकले होते. इंग्लंडमधील डेव्हन परगण्यात टॉर्की येथे केंट्स कॅव्हर्न नावाची गुहा आहे. तेथे जॉन मॅकएनेरी या धर्मगुरूंनी १८२६ मध्ये असेच दात खणून काढले. रिचर्ड ओवेन यांनी १८४६ मध्ये त्यांना ‘लॅटिडेन्स’ हे जातिनाम दिले, मात्र प्रजाती मॅकायरोडस ही मानली. होमोथेरियम ही स्वतंत्र प्रजाती एमिलिओ फाब्रिनी यांनी १८९० मध्ये स्थापन केली. तीनच वर्षांनी, १८९३ मध्ये, एडवर्ड कोप यांनी ओक्लाहोमातील अवशेषांना डायनोबॅस्टिस हे नाव दिले आणि तो प्राणीही पुढे होमोथेरियमच ठरला.

नावांच्या या गर्दीत फार वेळ घालवण्याचे कारण नाही. फलकावर ‘होमोथेरियम लॅटिडेन्स’ एवढेच छापायचे आहे. ते का, हे पुढच्या नोंदीत येईल.

२७ जानेवारी २०२५

कोणत्या काळातला आणि कोणत्या प्रदेशातला प्राणी काढायचा, हा प्रश्न आज निकाली काढला. ही प्रजाती जवळजवळ ४० लाख वर्षे टिकली आणि आफ्रिका, युरोप, आशिया व उत्तर अमेरिका एवढ्या मोठ्या पट्ट्यात वावरली. दक्षिण अमेरिकेतही व्हेनेझुएलातील ओरोकुआल येथील डांबराच्या साठ्यात तिचे अवशेष मिळाले असून त्यांवरून २०११ मध्ये होमोथेरियम व्हेनेझुएलेन्सिस ही जाती मांडली गेली. अशा प्रजातीचे ‘सर्वसाधारण’ चित्र काढणे म्हणजे कोणाचेच चित्र न काढणे होय.

पूर्ण सांगाड्यांची उपलब्धता पाहता पर्याय मोजकेच आहेत. फ्रान्समधील सेनेझ येथे मिळालेला, आधीच्या प्लाइस्टोसीन (हिमयुगांच्या) काळातला सांगाडा बालेसिओ यांनी १९६३ मध्ये हाडानिहाय वर्णन करून ठेवला आहे. टेक्सासमधील सॅन अँटोनिओजवळच्या फ्रिझनहान गुहेत छाव्यांपासून म्हाताऱ्या प्राण्यांपर्यंत सर्व वयांचे अवशेष आहेत. कवटीच्या बाबतीत फ्रान्समधीलच पेरिए येथील नमुना उत्तम आहे.

मी उत्तर (म्हणजे शेवटच्या) प्लाइस्टोसीन काळातला प्राणी निवडला. त्यामागे उत्तर समुद्रातून आलेल्या एका जबड्याचा मोठा वाटा आहे. युरोपातील होमोथेरियम सुमारे ३ लाख वर्षांपूर्वी संपला, असे बराच काळ मानले जात होते. मार्च २००० मध्ये एका मासेमारी जहाजाच्या जाळ्यात समुद्रतळावरून खालच्या जबड्याचा तुकडा वर आला आणि किरणोत्सारी कार्बन पद्धतीने त्याचे वय सुमारे २८ हजार वर्षे निघाले. एका हाडाने प्रजातीची युरोपातील नोंद पावणेतीन लाख वर्षांनी पुढे ओढली. मधल्या इतक्या मोठ्या काळाच्या पोकळीबद्दल शंका घेतली जाणे साहजिक होते. मात्र २०१७ मध्ये त्याच जबड्यातील मायटोकाँड्रियल (आईकडून येणारा) डीएनए वाचला गेला, तेव्हा तो होमोथेरियमचाच ठरला. शिवाय त्याच्यात आणि कॅनडातील यूकॉन प्रदेशातल्या नमुन्यांत फरक इतका थोडा निघाला की, उत्तर प्लाइस्टोसीनमधील युरोपीय आणि अमेरिकी प्राणी एकाच जातीत घालावेत, असे अभ्यासकांनी सुचवले. टेक्सासच्या सांगाड्याची प्रमाणे घेऊन फलकावर ‘लॅटिडेन्स’ लिहिण्याची मोकळीक मला येथून मिळते.

१० फेब्रुवारी २०२५

सांगाड्याची मुख्य रेषा आज बसली. या प्राण्याचे वेगळेपण सर्वांत जास्त कुठे असेल तर ते येथेच आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पुढचे पाय लांब आहेत, आणि त्यांतही कोपराखालचा भाग वरच्या हाडाच्या मानाने लांब आहे. कंबरेचे मणके आखूड आहेत. या दोन गोष्टी एकत्र आल्या की पाठ आपोआप खांद्याकडून ढुंगणाकडे उतरू लागते. मार्जार कुलातल्या आपल्या ओळखीच्या कोणत्याही प्राण्याच्या पाठीला असा उतार नाही. तो तरसात दिसतो. सिंहाच्या सांगाड्याची पारदर्शक प्रत वर ठेवून पाहिली, तेव्हा डोके आणि खांदे साधारण जुळले, पण कंबर जेथे संपायला हवी त्याच्या बरीच आधी संपली. प्रौढाचे वजन साधारण १९० किलोग्रॅमच्या आसपास मानले जाते, म्हणजे आकार सिंहाएवढा. पण सिंहाचे धड लांब आणि लवचीक, तर याचे आटोपशीर आणि ताठ.

या रचनेचा अर्थ चालीत आहे. लांब पाय आणि आखूड, ताठ कंबर यांमुळे दूरवर, एका लयीत धावणे कमी खर्चाचे होते. उलट दबा धरून एकाच झेपेत सावज लोळवण्यासाठी लागणारे आखूड, अतिशय जाड पुढचे पाय स्मायलोडॉनकडे आहेत. नखेही हेच सांगतात. होमोथेरियमच्या पुढच्या पंजाच्या अंगठ्याचे नख मोठे आहे, पण बाकीची नखे सिंहाच्या तुलनेत लहान असून बोटाच्या हाडांच्या घडणीवरून ती पूर्णपणे आत ओढली जात नसावीत असे दिसते. धावताना जमिनीत रुतून पकड देणारी नखे अशीच असतात.

टाच टेकवायची की नाही, यावरही निर्णय घ्यावा लागला. हा प्राणी अस्वलासारखा तळपाय पूर्ण टेकवून चालत असावा, असे मत पूर्वी मांडले गेले होते आणि काही जुन्या चित्रांत त्याचे प्रतिबिंब आहे. पायाच्या हाडांची एकूण ठेवण मात्र इतर मार्जारांसारखीच, बोटांवर चालणाऱ्याची आहे. टाच वर उचललेलीच काढली.

उभे राहण्याची मुद्रा शांत ठेवली आहे. पुढचा डावा पाय जरा पुढे, मान आडवी, तोंड बंद. तोंड उघडे ठेवून गुरगुरणारा प्राणी काढला की बघणाऱ्याची नजर दातांवर खिळते आणि पाठीचा उतार वाया जातो.

१२ फेब्रुवारी २०२५

शेपूट आखूड. सवयीने हात लांब शेपटीकडे वळतो, पण पुच्छमणक्यांच्या हिशेबाने ती घोट्याच्याही बरीच वर संपते. रंगीत चित्रात तिला झुपका देणार नाही. त्याला कसलाही आधार नाही.

२४ फेब्रुवारी २०२५

कवटीची रेझिनची प्रतिकृती टेबलावर ठेवून आजचा दिवस दातांत गेला. एकास पाच प्रमाणात हे तपशील दिसणार नाहीत, म्हणून फलकाच्या उजव्या कोपऱ्यात दातांचे स्वतंत्र मोठे चित्र द्यायचे ठरवले.

वरचा सुळा स्मायलोडॉनच्या मानाने बराच आखूड, पण रुंद आणि दोन्ही बाजूंनी चांगलाच चपटा आहे. बोटांच्या चिमटीत धरला तर जाडी नगण्य वाटते आणि रुंदी हाताला जाणवते. पुढची आणि मागची अशा दोन्ही कडांवर ठळक दाते आहेत; नख त्यावरून ओढले की दातेरी विळ्याच्या पात्यावरून ओढल्यासारखे अडखळत जाते. प्रतिकृतीत हे दाते किंचित बोथट झाले असल्यामुळे रेखाटन प्रकाशित छायाचित्रांवरून पक्के केले. असे दाते एकट्या सुळ्यांवर नाहीत. पटाशीच्या दातांवर आहेत, मागच्या कापणाऱ्या दाढांवरही आहेत. अख्खे तोंडच कापण्यासाठी घडलेले आहे, आणि त्यात सुळा हा सुटा खंजीर नसून एका मोठ्या यंत्रणेचा भाग आहे.

पटाशीच्या दातांकडे चित्रकार सहसा दुर्लक्ष करतात. सिंहाचे पटाशीचे दात लहान असून जवळजवळ सरळ रांगेत असतात. होमोथेरियमचे मोठे, टोकदार आणि पुढे झुकलेल्या कमानीत मांडलेले आहेत, इतके की बाजूने पाहिल्यास ते सुळ्यांच्या स्पष्टपणे पुढे दिसतात. सुळ्यांनी चिरलेला भाग पकडून तोडून काढण्याचे काम त्यांनी सुळ्यांना धक्का न लावता करायचे, अशी ही विभागणी दिसते. खालचा सुळा लहान होऊन याच रांगेत सामील झाला आहे. कोपऱ्यातले मोठे चित्र म्हणून एकट्या सुळ्याचे न काढता नाकपुडीपासून दाढेपर्यंतच्या सगळ्या भागाचे काढतो.

३ मार्च २०२५

जबडा आणि मान. स्नायूंच्या फलकाची सुरुवात.

तोंड फार मोठे उघडता यावे यासाठी खालच्या जबड्याच्या मागच्या बाजूचा उंचवटा ठेंगणा झाला आहे. कानशिलाचा स्नायू या उंचवट्यावर बसतो. तो ठेंगणा झाला की स्नायू फारसा न ताणता जबडा जास्त खाली जातो, पण चावण्याचे बळही काही प्रमाणात घटते. ही उणीव मान भरून काढते. कानामागच्या हाडाचा उंचवटा मोठा आहे आणि तेथून मानेच्या पहिल्या मणक्याकडे जाणारे स्नायू बळकट आहेत. जबडा सावजावर टेकला की डोके खाली ओढण्याचे काम हे स्नायू करतात. मान लांबही आहे. स्नायूंच्या चित्रात गालाचा फुगीरपणा सिंहापेक्षा कमी आणि मानेचा घेर जास्त असा तोल त्यामुळे ठेवला.

कवटीच्या आतल्या घडणीवर २०१८ मध्ये झालेल्या एका तुलनेचा येथे उपयोग झाला. स्मायलोडॉन आणि होमोथेरियम या दोघांच्या कवट्यांचे संगणकीय छेद घेऊन हाडाचा घट्ट थर आणि जाळीदार भाग यांचे प्रमाण तपासले गेले. स्मायलोडॉनच्या कवटीत घट्ट हाडाचे प्रमाण जास्त निघाले. एका ठरावीक दिशेने येणारा जोरदार ताण सोसण्यास ती योग्य होती. होमोथेरियमच्या कवटीत जाळीदार हाड जास्त आहे, म्हणजे धडपडणाऱ्या सावजाला धरून ठेवताना वेगवेगळ्या दिशांनी येणारे हिसके तिला सोसता येत. म्हणजे चपट्या सुळ्यांचा हा प्राणी चावा धरून ठेवण्याच्या बाबतीत सिंहाच्या जवळ जातो. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो, कारण त्यामुळे पाय आणि डोके एकच गोष्ट सांगू लागतात. पाठलाग करून गाठायचे आणि मग धरून ठेवायचे, असा हा शिकारी आहे.

१७ मार्च २०२५

मागणी करणाऱ्यांकडून सूचना आली की प्राण्याच्या तोंडात मॅमथचे पिल्लू दाखवावे, म्हणजे मुलांना आवडेल. सूचना फेटाळली, पण तिच्यामागचा पुरावा खरा आहे आणि तो मजकुरात यायलाच हवा.

फ्रिझनहान गुहेत तिसाच्या वर होमोथेरियम आणि त्यांच्यासोबत मॅमथच्या पिल्लांचे शेकडो दात मिळाले आहेत. ही पिल्ले बहुतांशी दोन वर्षांच्या आसपासची आहेत, म्हणजे आईच्या कळपात असली तरी सतत तिच्या पायांत न घुटमळणारी. २०२१ मध्ये येथील होमोथेरियमच्या दातांतील कार्बनच्या समस्थानिकांचा (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचा) अभ्यास झाला, तेव्हा त्यांचे खाद्य मोकळ्या कुरणात गवत चरणारे प्राणी असल्याचे दिसले आणि ते मॅमथच्या पिल्लांशी जुळते. दातांवरची सूक्ष्म झीज पाहता हा प्राणी हाडे फोडण्याच्या भानगडीत पडत नव्हता. चिवट मांस कापायचे आणि हाडाला दात लागू द्यायचा नाही, हा प्रकार सध्याच्या चित्त्याशी मिळताजुळता आहे. पातळ, दातेरी सुळे जपायचे तर दुसरा मार्गही नव्हता.

दोन वर्षांचे मॅमथचे पिल्लू मात्र तोंडात धरून नेण्याएवढे हलके नसते. ते काढायचे तर सावज, कळप आणि एकाहून अधिक शिकारी असा मोठा प्रसंग काढावा लागेल, आणि तो या संचाच्या कक्षेबाहेर आहे. सांगाड्याच्या फलकावर तळाशी पिल्लाच्या एका दाढेचे छोटे रेखाचित्र देतो.

३१ मार्च २०२५

ओठांचा प्रश्न. सुळे बंद तोंडाबाहेर दिसू द्यावेत की झाकावेत, यावर सर्वांत जास्त पत्रव्यवहार झाला, आणि तो होणारच होता. सुळे दिसले नाहीत तर हा खड्गदंती आहे हे बघणाऱ्याला कळणार कसे, असा आक्षेप आहे. आक्षेप फलकाच्या खपाबद्दलचा आहे, प्राण्याबद्दलचा नाही.

मॉरिसिओ अंतोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये पेरिएच्या कवटीचा संगणकीय छेदांच्या साह्याने अभ्यास केला, आजच्या मार्जारांच्या चेहऱ्यांचे विच्छेदन केले, जिवंत सिंहाच्या तोंडाच्या हालचाली बारकाईने तपासल्या आणि असा निष्कर्ष काढला की होमोथेरियमचे सुळे तोंड मिटल्यावर वरचा ओठ आणि खालच्या ओठाची जाड कड यांच्याआड जात. विशेष म्हणजे अंतोन यांनीच आधीच्या पुनर्रचनेत हे सुळे बाहेर दिसणारे दाखवले होते. स्मायलोडॉनला मात्र हे लागू पडत नाही. त्याचे सुळे इतके लांब आहेत की ओठांनी ते झाकणे शक्यच नव्हते.

बंद तोंडात सुळ्याचे टोक खालच्या जबड्याच्या काठालगत येते. हनुवटीपाशी हाडाचा काठ थोडा खाली वाढलेला आहे आणि सुळ्याला तेथे आडोसा मिळतो. सुळा आणि हा काठ यांच्यामध्ये जी फट राहते ती मऊ ऊतींनी भरली, की बाहेरून दिसतो तो फक्त खोल, लोंबता वरचा ओठ. चित्रात मी ओठाची रेषा तोंडाच्या कोपऱ्याकडे जाताना किंचित खाली घेतली आहे आणि सुळ्याच्या जागी ओठाला हलका फुगवटा दिला आहे. रंग चढल्यावर तो सावलीतच दिसेल. ज्यांना सुळे पाहायचे आहेत त्यांच्यासाठी शेजारच्या फलकावर कवटी आहेच.

७ एप्रिल २०२५

आजची नोंद मोठी होणार. रंगीत फलकासाठी याकुतियातील छाव्याचा सगळा पुरावा एकत्र केला.

सायबेरियाच्या ईशान्येला, इंदिगिर्का नदीच्या खोऱ्यात बाद्यारिखा नावाची नदी आहे. तिच्या काठच्या कायम गोठलेल्या जमिनीतून २०२० मध्ये एका छाव्याचे गोठलेले शव निघाले. डोके, मान, पुढचे पाय आणि छातीपर्यंतचा भाग त्वचा-केसांसह शाबूत आहे, आणि त्याच बर्फात कमरेची व मागच्या पायांची काही हाडे मिळाली. वय जेमतेम तीन आठवडे. किरणोत्सारी कार्बन पद्धतीने त्याचा काळ ३५ ते ३७ हजार वर्षांपूर्वीचा ठरला. मॉस्कोच्या पुराजीवशास्त्र संस्थेतील अलेक्सेई लोपातिन आणि सहकाऱ्यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. आजच्या जीवसृष्टीत ज्याच्यासारखा प्राणी नाही अशा लुप्त सस्तन प्राण्याचे प्रत्यक्ष रूप मृत शरीरावरून तपासायला मिळणे ही फार दुर्मीळ गोष्ट आहे. खड्गदंती मार्जारांच्या बाबतीत तर तोवर हाडांपलीकडे काहीच हाती नव्हते.

वर्णनात तुलना त्याच वयाच्या सिंहाच्या छाव्याशी केली आहे आणि चित्रकाराला हीच तुलना हवी असते. होमोथेरियमच्या छाव्याची मान दुपटीहून जाड आहे. पुढचे पाय लांब, कान लहान, तोंडाची फट मोठी. वरचा ओठ लक्षणीय उंच आहे, म्हणजे सुळे अजून यायचे आहेत तरीही त्यांच्या झाकणाची तयारी आधीच झालेली आहे. मागच्या नोंदीत ओठाबद्दल जे ठरवले त्याला येथे स्वतंत्र दुजोरा मिळतो.

पंजा माझ्यासाठी सर्वांत उपयोगी ठरला. तो रुंद, जवळजवळ गोल आहे आणि सिंहाच्या छाव्याच्या मनगटामागे असणारी छोटी गादी याच्याकडे नाहीच. बर्फावर चालणाऱ्या प्राण्याला पसरट पंजा लाभदायक असतो आणि अभ्यासकांनीही हा अर्थ लावला आहे. सांगाड्यावर बेतलेले माझे पंजे त्यामुळे रंगीत फलकावर थोडे पसरट केले आहेत, गादी काढून टाकली आहे आणि बोटांमधले केस जमिनीला लागतील असे ठेवले आहेत. यांतला शेवटचा तपशील माझा अंदाज आहे. थंड प्रदेशातल्या लिंक्ससारख्या मार्जारांवरून तो घेतला.

केस गर्द तपकिरी, मऊ आणि दाट असून त्यांची लांबी २ ते ३ सेंटिमीटर आहे. येथे मी हात आखडता घेतला. सिंहाच्या छाव्याच्या अंगावर ठिपके असतात आणि मोठेपणी ते पुसट होतात. मार्जारांत पिल्लाचा रंग आणि प्रौढाचा रंग यांत असा फरक पडणे नवे नाही. तीन आठवड्यांच्या जिवाचा रंग जसाच्या तसा प्रौढाला देणे योग्य नाही, आणि तो पूर्णपणे बाजूला ठेवून वाळवंटी पिवळा रंग देणे तर त्याहून अयोग्य. पाठीवर आणि मानेवर तपकिरी ठेवून पोटाकडे व पायांच्या आतल्या बाजूला तो फिका करत नेला. ठिपके, पट्टे, आयाळ यांपैकी काहीही दिलेले नाही.

२१ एप्रिल २०२५

डोळा आणि प्रकाश. चित्रातला प्राणी दिवसा उजेडात उभा असावा की संधिप्रकाशात, हा निर्णय वातावरणनिर्मितीचा वाटतो, पण यालाही पुरावा आहे. कवटीच्या आतल्या पोकळीच्या साच्यावरून मेंदूचा दृष्टीशी संबंधित भाग वाढलेला असल्याचे पूर्वीच लक्षात आले होते. २०२० मध्ये यूकॉनमधील, ४७ हजार वर्षांहून जुन्या नमुन्यातून संपूर्ण जनुकसंच वाचला गेला, तेव्हा दृष्टी आणि दिनचक्र यांच्याशी निगडित जनुकांवर निवडीच्या खुणा आढळल्या, तसेच श्वसन, रक्ताभिसरण आणि हाडांची बळकटी यांच्याशी संबंधित जनुकांवरही. दिवसा शिकार करणारा, दमसास असलेला, धावणारा प्राणी असे त्याचे वर्णन अभ्यासकांनी केले आणि ते सांगाड्याच्या फलकाशी तंतोतंत जुळते. याच जनुकसंचावरून आजच्या मार्जारांपासून ही शाखा सुमारे २ कोटी २५ लाख वर्षांपूर्वी वेगळी झाल्याचेही अनुमान निघाले.

त्यामुळे प्रकाश दुपारचा, डावीकडून येणारा. बाहुली लहान. नाकपुडीची पोकळी कवटीतच मोठी आहे, म्हणून नाकही चांगले रुंद काढले.

५ मे २०२५

मापासाठी शेजारी माणसाची आकृती ठेवावी अशी सूचना होती. ती मान्य केली, कारण येथे माणूस उपरा ठरत नाही. जर्मनीतील शोनिंगेन येथे सुमारे ३ लाख वर्षांपूर्वीचे लाकडी भाले मिळाले, त्याच ठिकाणी होमोथेरियमचेही अवशेष आहेत, आणि त्यातले दंडाचे एक हाड तेथल्या माणसांनी दगडी हत्यारे घडवण्यासाठी ठोकणीसारखे वापरल्याच्या खुणा त्यावर आहेत. आकृती फक्त करड्या रंगाची, बाह्यरेषेपुरती, भाला हातात न घेता. भाला दिला की पुन्हा प्रसंग तयार होतो.

१९ मे २०२५

तिन्ही फलकांचे काम पूर्ण झाले. प्रत्येक तपशिलापुढे तो कशावरून घेतला हे दर्शवणारी खूण छापायची आहे : भरीव वर्तुळ म्हणजे त्याच प्रजातीचे हाड किंवा त्वचा, पोकळ वर्तुळ म्हणजे आजच्या मार्जारांशी तुलना, आणि टिंब म्हणजे चित्रकाराची निवड. पाय, पाठ, शेपूट, दात आणि मान यांना भरीव वर्तुळ मिळाले. पंजा आणि ओठ यांनाही तेच, मात्र छाव्यावरून घेतल्याची टीप जोडून. मिशांची मांडणी आणि बोटांमधले केस यांना पोकळ वर्तुळ. प्रौढाच्या अंगाच्या रंगाला टिंब.

मुद्रकाकडे पाठवण्यापूर्वी एक बदल केला. शीर्षकाखालच्या ओळीत ‘खड्गदंती वाघ’ असे घातले गेले होते, ते काढून ‘खड्गदंती मार्जार’ केले, कारण वाघाशी त्याचे नाते सिंहाशी किंवा घरातल्या मांजराशी आहे तेवढेच दूरचे आहे. छाव्याचे खऱ्या मापाचे स्वतंत्र चित्र हा पुढचा फलक असेल. त्यासाठी डोक्याची आणि पुढच्या पंजाची मापे उतरवून घेतली आहेत आणि कागद कापून ठेवला आहे.